शुक्रवारी चढणारा ताप

माझ्या मुलाचा कॉम्प्युटर आजारी पडला त्या हिवाळ्यात आमच्या घरात त्याच्यावर इलाज करणारे तीन वैद्य होते: माझा नवरा, माझ्या सासूबाई आणि मी. तिघांत सर्टिफिकेट फक्त माझ्याकडे होतं, तेही नर्सिंगचं आणि तेही मुंबईचं. आम्ही ठाण्याहून इस्रायलमध्ये किर्यात मलाखीला आलो तेव्हा इथल्या सरकारने ते सर्टिफिकेट उलटंपालटं करून पाहिलं आणि मला पुन्हा हिब्रूत परीक्षेला बसवलं. मी पास झाले. तेव्हापासून दिवसा गावातल्या दवाखान्यात इंजेक्शनं द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याची मतं ऐकायची, असा माझा दिनक्रम होता. दोन्हीपैकी इंजेक्शनांचं काम सोपं.

कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करायचं साधं खोकं नव्हे. मुलाने तो सुटे भाग आणून स्वतः जुळवला होता. शाळा संपल्यावर एलातच्या एका हॉटेलात उन्हाळाभर चादरी बदलल्या, ती सगळी कमाई त्यात घातली. खोक्याला एका बाजूने काच होती आणि आत निळे दिवे लागायचे. सासूबाई पहिल्या दिवशी त्याच्यापुढे बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाकी झकास आहे. पण यातले मासे कुठे गेले?"

त्यावर तो गोळीबाराचे खेळ खेळायचा. पुढे लष्करातून बोलावणं आलं, एलातच्या अलीकडे वाळवंटात त्याची नेमणूक झाली आणि खरी बंदूक मिळाली. मला वाटलं, आता तरी हौस फिटेल. कसली फिटतेय. दोन-तीन आठवड्यांनी सुटीवर आला की खरी बंदूक कपाटात कुलूपबंद करून तो पडद्यावरची हातात घ्यायचा. मी एकदा विचारलं, की अजून पोट भरलं नाही का रे तुझं? तर म्हणाला, "इमा, इथे मेलं की परत पहिल्यापासून सुरू करता येतं." इमा म्हणजे आई. त्या दिवसानंतर मी त्या खेळाला नावं ठेवली नाहीत.

आता आमच्या शबातबद्दल, म्हणजे आम्हा ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आम्ही धर्माच्या बाबतीत मध्यम आचेवरची माणसं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सासूबाई दिवे लावायच्या, मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना व्हायची, आणि मग शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत घरात कोणी कुठलंही यंत्र सुरू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. मुलाने यातली मेख अचूक ओळखली. शुक्रवारी दुपारी घरात पाऊल टाकलं की बूट काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू. मग तो शनिवारच्या ताऱ्यांपर्यंत चालूच राहणार, कारण बंद करायला मनाई. चालूच आहे तर त्याच्यापुढे बसून राहायला काय हरकत, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याने हरकत घेतली. तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला.

"दिवा आधीचा लावलेला हाय ना? त्याच्या उजेडात पोर बसलंय. बसायला कुणाची बंदी?"

बसून तो बोटांनी काय करतोय ते त्यांना म्हणे दिसत नव्हतं, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. कुठल्याही रब्बीने हा निकाल मान्य केला नसता, म्हणून आम्ही कुठल्याही रब्बीला विचारलं नाही.

सासूबाई अलिबागकडच्या. त्यांच्या मते जगात खाण्यालायक एकच गोष्ट होती, ती म्हणजे कडव्या वालांचं बिरडं, नारळाचं दूध घातलेलं. नातू सुटी संपवून रविवारी पहाटे निघाला की त्याच्या सामानात बिरड्याचा डबा गेलाच पाहिजे. त्यासाठी शनिवारी तारे दिसले की वाल सोलायला घ्यायचे आणि रात्रीच शिजवायचे. आता बिरडं म्हटलं की वालांना मोड हवेत, आणि मोडांना ऊब हवी. इथल्या हिवाळ्यात फरशी अशी गार पडते की पायमोज्यांतूनही कळ येते. दरवर्षी हिवाळ्यात सासूबाई वालांची पुरचुंडी घेऊन घरभर हिंडायच्या. फ्रिजच्या मागे ठेवून बघ, रजईत गुंडाळून बघ. एकदा शबातभर जेवण गरम ठेवायला चालू असलेल्या विजेच्या तव्यावर ठेवली तर वाल मोड यायच्या आधीच शिजले. त्या वर्षी मात्र हिवाळा लागला तरी त्यांची कुरकुर ऐकू आली नाही. वालांना बोटभर मोड येत होते. घरात एक कटकट कमी झाली म्हणून मी खूश होते, खोलात गेले नाही.

कारण दुसरी कटकट सुरू झाली होती. पहिला पाऊस होऊन गेल्यावरच्या सुटीत मुलगा म्हणाला, खेळ जरा अडखळतोय. हिवाळ्यातला हनुक्काचा सण आला तोवर शत्रूचे सैनिक पडद्यावर चालायचे सोडून टपाटप उड्या मारायला लागले होते. पुढे पुढे तर याने बंदुकीचा घोडा दाबावा, समोरच्याने याला मारून टाकावं, आणि मग याची गोळी निघावी. "तकूआ!" असा आतून आरडाओरडा यायचा. तकूआ म्हणजे अडकलं. शनिवारी दुपारी तर "तकूआ" आणि खुर्ची ढकलल्याचा आवाज एवढंच ऐकू यायचं. मग साहेब पाय आपटत स्वयंपाकघरात यायचे आणि आजीसमोरच्या स्टुलावर बसायचे. तारे दिसले की आजी आतून वाल घेऊन यायची, कोमट पाण्यात टाकायची आणि दोघं सोलत बसायची. तो हिब्रूत बोलायचा, ती मराठीत. दोघांनाही दुसऱ्याची भाषा बोलायचा कंटाळा, पण समजायची दोघांनाही.

मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला जायची ती मुद्दाम हळूहळू काढायची. स्वयंपाकघराची खिडकी बाल्कनीतच उघडायची. हनुक्काच्या आधीची सुटी "सराव होता" म्हणून रद्द झाली असं त्याने आम्हाला फोनवर सांगितलं होतं. खरं म्हणजे पठ्ठ्या पहाऱ्यावर झोपला होता आणि शिक्षा म्हणून त्याला तिथेच अडकवून ठेवलं होतं. हे मला त्या खिडकीतून कळलं. हैफाची एक मुलगी त्यांच्या छावणीत कारकून आहे आणि ती याच्या रजेचे कागद नेहमी सगळ्यांच्या वर ठेवते, हेही तिथेच कळलं. सासूबाई मध्येच विचारायच्या, "मग? तू काय म्हणालास?" आणि मी हातातला टॉवेल चौथ्यांदा घडी करायची.

जेवण झाल्यावर तो परत जाऊन बसायचा आणि कधीकधी म्हणायचा, आता जरा बरं चाललंय. पण तोवर निजायची वेळ झालेली असायची, कारण पहाटेची बस.

इलाज नवऱ्याने सुरू केला. हे गृहस्थ मुंबईत ड्राफ्ट्समन होते आणि इथे एका कारखान्यात तयार माल तपासतात. जगातल्या प्रत्येक वस्तूत खोट असते आणि ती त्यांना दिसते, अशी त्यांची श्रद्धा आहे. आधी म्हणाले व्हायरस. आठवडाभर रोज कामावरून येऊन व्हायरस शोधला, सापडला नाही. मग म्हणाले मेमरी कमी पडतेय. मेमरीची पट्टी आणून बसवली. मधल्या वारी चालवून बघितला, घोड्यासारखा धावला. नवऱ्याने मिशीवरून हात फिरवला. मुलगा शुक्रवारी आला, संध्याकाळपर्यंत पुन्हा तकूआ.

"तू त्याला नीट वापरत नाहीस," नवरा म्हणाला.

"आबा, तुम्ही त्याला हात लावू नका," मुलगा म्हणाला.

पण उंटावरच्या शहाण्याला खाली उतर म्हणून सांगून काही उपयोग असतो का? मुलगा परत गेल्यावर नवऱ्याने ठरवलं, की सगळं पुसून पहिल्यापासून भरायचं. पुसलं. त्यात मुलाने दोन वर्षं खेळून जिथवर मजल मारली होती ते सगळंही पुसलं गेलं. मुलाला हे पुढच्या सुटीत कळलं, तेव्हा तो ओरडला नाही. ते मला जास्त लागलं.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते दृष्ट. वरच्या मजल्यावरची पनवेलची बाई एकदा साखर मागायला आली होती आणि निळे दिवे बघून "अगो बाई, काय शोभा!" म्हणाली होती. तेव्हापासूनच हे लागलं. त्यांनी मीठ आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन कॉम्प्युटरवरून उतरवल्या आणि गॅसवर टाकल्या. ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट जबरदस्त होती. मुलगा बाजूला उभा राहून हे बघत होता. म्हणाला, "साव्ता, मागच्या बाजूनेही उतरव, तिथे जास्त बटणं आहेत." साव्ता म्हणजे आजी. आजीने मान हलवली आणि मागच्या बाजूनेही उतरवली.

शेवटी मी दवाखान्यातल्या एका पेशंटच्या ओळखीने कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बोलावला. रशियातून आलेला माणूस, चामडी जाकीट, बोलायला महाग. शुक्रवारी तो यायला तयार नव्हता, मंगळवारी आला. खोकं उघडून फुंकर मारली, पंखे फिरवून बघितले, तासभर मुलाचाच खेळ खेळत बसला. एकदाही अडकला नाही.

"बाई," तो हिब्रूत म्हणाला, "हा तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा तब्येतीने बरा आहे."

"मग शुक्रवारी काय होतं?"

"शुक्रवारचं मला काय माहीत? एक सांगतो. मागून गरम हवा बाहेर पडते, ती वाट मोकळी ठेवा. याचा मेंदू तापला की तो जिवाला जपायला आपोआप हळू चालतो. पण आत्ता तर हा गारच आहे." जाता जाता मागच्या जाळीत अडकलेलं काहीतरी त्याने नखाने काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पातळ, तपकिरी, चकचकीत. "झुरळ," तो म्हणाला. "पंख असावा."

मी नर्स. माझ्या घरात झुरळ! मी ती वस्तू निरखून न बघता खिडकीतून बाहेर टाकली, दुरुस्तीवाल्याला चहाही विचारला नाही आणि दोन दिवस खपून सगळं स्वयंपाकघर फिनेलने धुतलं. सासूबाई पाय वर घेऊन खुर्चीत बसून होत्या आणि "धू, धू" म्हणत होत्या.

त्यानंतरच्या गुरुवारी मुलाचा फोन आला. "इमा, या शबातला मी बेरशेव्याला उतरतो."

एलातकडून येणारी बस बेरशेव्यात थांबते. तिथून आमच्याकडे यायला दुसरी बस. बेरशेव्यात त्याच्या तुकडीतल्या एका मित्राचं घर होतं आणि मित्राकडे कॉम्प्युटर होता, न अडकणारा.

"जेवायला?"

"त्याची आई करते गं. बेसेदेर, इमा, बेसेदेर." म्हणजे ठीक आहे, ठीक आहे.

माझ्या दृष्टीने काहीही ठीक नव्हतं. मी फोन ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी चार ताटं मांडली आणि एक उचलून परत ठेवलं. नवऱ्याने किद्दुश म्हटलं तेही घाईघाईने. कोणा अनोळखी बाईच्या हातचं माझा मुलगा खातोय, आणि कशासाठी, तर तिच्या घरात एक खोकं माझ्या घरातल्यापेक्षा जोरात चालतं म्हणून! मला राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती होती. अठरा वर्षांचा झाला की सरकार घेऊन जातं. तीन वर्षांनी परत देतं, पण त्याला आपल्याच घरी परत देईल असं कुठे लिहिलेलं नसतं. सुटीत दार उघडून आत येणं ही सवय असते. एकदा मोडली की मोडली. त्याच्या पुढच्याही सुटीत तो बेरशेव्यालाच उतरला.

तिसऱ्या वेळी मी फोनवर खोटं बोलले. म्हटलं, दुरुस्तीवाल्याने खोट शोधून काढली, आता नवा असल्यासारखा चालतो, येऊन बघ. तो म्हणाला, "येतो. पण परत अडकला ना, तर मी आपला बेरशेव्याला जाईन. मनाला लावून घेऊ नकोस."

आता माझ्याकडे शुक्रवारपर्यंतचा वेळ होता. दवाखान्यात आमचे डॉक्टर पेशंटला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारतात. कधीपासून दुखतं, कधी वाढतं, कधी उतरतं. मी गुरुवारी एका म्हाताऱ्याला इंजेक्शन देता देता हे तीन प्रश्न त्या खोक्याला लावून बघितले आणि सुई तशीच हातात राहिली. कधीपासून? थंडी लागल्यापासून. कधी वाढतं? शुक्रवारी दुपारनंतर. कधी उतरतं? शनिवारी जेवणानंतर. व्हायरसला वार कळत नाही. दृष्टीलाही कळत नसावा. शुक्रवारी चढणारा ताप म्हणजे शुक्रवारी घरात कोणीतरी काहीतरी करत होतं.

म्हाताऱ्याने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालंच.

शुक्रवारी मी सुटी घेतली. मुलाची बस यायला वेळ होता. मी त्याच्या खुर्चीत बसले, कॉम्प्युटर सुरू केला आणि खेळ लावला. माझं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं, एप्रनला हळदीचे डाग, आणि पडद्यावर मी हेल्मेट घालून कुठल्याशा उद्ध्वस्त गावात भिंतीला अडखळत फिरतेय. मला तिथल्या प्रत्येकाने मारलं. एकदा तर मी स्वतःच स्वतःच्या बॉम्बवर उभी राहिले. पण खेळ अडकत नव्हता, मरण अगदी सफाईदार येत होतं. मासे तळायचे होते म्हणून उठले. तळून परत येताना खोलीच्या दारात सासूबाई भेटल्या, हातात केरसुणी. मुलाची खोली त्याच झाडायच्या. म्हणाल्या, "बस, बस, खेळ तू."

बसले. थोड्या वेळाने समोरचा सैनिक टपाटप उड्या मारायला लागला.

मी खुर्ची मागे सारली, टेबलाखाली गुडघ्यांवर बसले आणि पेशंटच्या कपाळावर ठेवतात तसा खोक्याच्या मागे, भिंतीच्या बाजूला, हात घातला. हाताला काहीतरी लागलं. गरम, ओलसर, गुबगुबीत. मी किंचाळणार होते. मग वास आला. भिजलेल्या वालांचा तो हिरवट, उग्र वास मला अंधारातही ओळखता येईल. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी पंख्याच्या जाळीला सुतळीने घट्ट आवळली होती. तिच्या शेजारी दुसरी. तिच्यावर तिसरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि ज्याला झुरळाचा पंख समजून मी घर धुतलं, ते वालाचं टरफल होतं!

तिन्ही पुरचुंड्या घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि टेबलावर आपटल्या.

"आई, हे काय?"

"वाल," सासूबाई म्हणाल्या.

"वाल ते मला दिसतंय. त्या मशीनच्या मागे काय करतायत?"

"मोड काढतायत. आणखी काय करणार?" त्यांनी एक पुरचुंडी उचलून पोटाशी धरली. "केवढी गरम हवा फुकट बाहेर जाते त्या डब्यातून. कुणाच्या कामाची नाय. फ्रिजपाठी पण एवढी ऊब नाय गो. म्हटलं, लावूया कामाला."

"आणि तिन्ही पुरचुंड्या तुमच्याच?"

"एक माझी. एक वरच्या पनवेलवालीची. तिचं पण पोर मिलिटरीत हाय. एक तिच्या बहिणीची."

म्हणजे माझ्या मुलाने चादरी बदलून कमावलेल्या कॉम्प्युटरवर आख्ख्या जिन्याचे वाल मोडावत होते. थंडी वाढली तशी पुरचुंड्या वाढल्या आणि पुरचुंड्या वाढल्या तसा तो मंदावला.

"अहो, त्याने तो तापतो! तापला की हळू चालतो. तुमच्या नातवाला त्याच्यापायी घर नकोसं झालंय. दोन सुट्या तो बेरशेव्याला गेला तो कशामुळे?"

"मला काय ठाऊक बाय तुमच्या मशीनी," त्या म्हणाल्या. "मी वालाचा विचार करते. पोरगं घरी येतं ते माझ्या बिरड्यासाठी. त्या डब्यासाठी नाय." वर आणखी डोळ्यांना पदर लावला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी पनवेलवालीचे आणि तिच्या बहिणीचे वाल वर नेऊन दिले. घरचे वाल ओव्हनमध्ये ठेवले आणि आतला दिवा शबात सुरू व्हायच्या आधी लावून ठेवला. कॉम्प्युटरला हात लावून बघितला. मुलाची बस यायच्या आत ताप उतरला होता.

नवऱ्याला आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही. दोघींची वेगवेगळी कारणं होती.

मुलगा आला, बूट न काढता खोलीत गेला. थोड्या वेळाने त्याची आरोळी आली, आनंदाची. "इमा! उडतोय!" मी दारात उभी राहून हसले. नवरा त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, की सगळं पुसून भरल्याचा परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो. मी त्याला ते सुख घेऊ दिलं.

शुक्रवारी किद्दुशला मुलगा आला, सरबताचा घोट घेतला, मासे गिळले आणि गेला. शनिवारी मी त्याच्या खोलीत ताट नेऊन दिलं. दुपारी चहा नेऊन दिला. तो कानांवर हेडफोन लावून बेरशेव्याच्या मित्राशी बोलत होता. आता दोघं आपापल्या घरी बसून एकत्र खेळू शकत होते. तारे दिसले. सासूबाईंनी कोमट पाण्यात वाल टाकले आणि एकट्या सोलायला बसल्या. मी जाऊन म्हटलं, "आजी वाल सोलायला बसलीय रे."

"रेगा, इमा." म्हणजे एक मिनिट.

त्या मिनिटात सासूबाईंचे वाल सोलून झाले, शिजले, डब्यात भरून झाले. त्या सोलत होत्या तेव्हा मी बाल्कनीत कपडे काढायला गेले होते. खिडकीतून टरफलं पाण्यात पडल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. एक टॉवेल मी एकदाच घडी केला.

पहाटे त्याने डबा घेतला, माझ्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाला, "थँक्स, इमा. मस्त शबात झाला." दार लावून मी तिथेच उभी राहिले. त्याच्या मानेवर एक ताजा ओरखडा होता, तो कसला ते मला माहीत नव्हतं. हैफाच्या मुलीचं पुढे काय झालं ते माहीत नव्हतं. पहाऱ्यावर तो आता जागा राहतो की नाही, माहीत नव्हतं. दीड दिवस माझा मुलगा घरात होता आणि मी त्याची पाठ बघितली होती. मी जिंकले होते आणि मला हुंदका आला.

पुढच्या सुटीच्या आदल्या रात्री मी स्वतः वाल भिजत घातले. सासूबाईंनी ते बघितलं. शुक्रवारी दुपारी मुलगा आला, कॉम्प्युटर सुरू केला आणि आंघोळीला गेला. मी एकच पुरचुंडी बांधली, लहानशी. तीन बांधल्या तर बेरशेवा. एकही नाही तर नुसती पाठ. औषधाचं असंच असतं, सगळं मात्रेवर. टेबलाखाली वाकून मी ती पंख्याच्या जाळीला लावली आणि सुतळीची गाठ मारायला लागले, तेवढ्यात दारात पावलं वाजली.

सासूबाई उभ्या होत्या. मी तशीच गुडघ्यांवर, हातात सुतळी. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. त्या आत आल्या, खुर्चीला धरून हळूहळू वाकल्या आणि मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात बरोबर पुरचुंडीकडे बघितलं.

"मधोमध नको गो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मधोमध बांधलीस की पार बंद पडतं, मग पोर वैतागून निघून जातं. डावीकडे बांध. तिथे थोडंच अडतं. दुपारपर्यंत येतो तो सैपाकघरात."

मी अर्धी मारलेली गाठ सोडली.

"आणि वरच्या बायांचे वाल पुन्हा घ्यायचे नाय," त्या म्हणाल्या. "तिथे माझा हिशेब चुकला."

पाणी बंद झालं. मी पुरचुंडी डावीकडे सरकवली.